पारव्याचे पिल्लू : ओळख, संगोपन आणि पिसांचे रंग

पारव्याचे पिल्लू सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. चिमणीची किंवा बुलबुलाची पिल्ले दोन-अडीच आठवड्यांत घरटे सोडतात. पारव्याचे पिल्लू मात्र ३० ते ३५ दिवस, थंडीत त्याहूनही जास्त, घरट्यातच बसून राहते आणि बाहेर पडते तेव्हा आकाराने जवळजवळ आईबापाएवढे झालेले असते. त्यामुळे वादळवाऱ्यात खाली पडलेले, पिवळ्या विरळ लवेचे, अंगाच्या मानाने मोठी चोच असलेले पिल्लू हाती आले की लोक त्याला घुबडापासून गिधाडापर्यंत काहीही समजतात. पिल्लू कोणाचे आहे, हे ठरवल्याशिवाय त्याला वाचवण्याचे पुढचे एकही पाऊल नीट पडत नाही. त्याला काय भरवायचे, किती दिवस ठेवायचे, मोठे झाल्यावर कुठे सोडायचे, एवढेच नव्हे तर घरी ठेवणे कायद्यात बसते का, हे सारे या एका उत्तरावर अवलंबून असते.

मावळ तालुक्यात, लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगावच्या परिसरात अशी पिल्ले सापडण्याची कारणे गावाच्या घडणीतच आहेत. पारवा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी आहे. सह्याद्रीचे कडे, लोहगड-विसापूरसारख्या किल्ल्यांचे बुरूज, लेणी आणि जुन्या विहिरींचे कोनाडे ही त्याची जुनी घरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आला, पूल झाले, महाविद्यालयांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि सुट्टीपुरती उघडणारी बंगल्यांची वस्ती वाढली. या सगळ्यात पारव्याला नवे कडेच मिळाले. आठवडाभर बंद असलेल्या घराची गॅलरी किंवा एसीच्या बाहेरच्या पेटीमागची जागा त्याला अगदी सोयीची वाटते. शनिवारी घरमालक येतात, झाडू फिरतो आणि घरटे पिल्लांसकट खाली जाते. त्यात इथला पाऊस वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणून जून ते सप्टेंबरात पडलेले पिल्लू भुकेआधी गारठ्याने मरते.

पारव्याची वीण बाराही महिने चालते, याचे कारण त्याच्या गळ्यात आहे. बहुतेक पक्ष्यांना पिल्ले वाढवायला किडे लागतात आणि किडे ठरावीक ऋतूतच मुबलक असतात. पारव्यांच्या कुळाने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. अंडी फुटण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपुटाचे, म्हणजे गळ्याच्या तळाशी दाणे साठवण्याच्या पिशवीचे, अस्तर जाड होते आणि त्याच्या पेशी सुटून दह्यासारखा दाट पदार्थ तयार होतो. यालाच कपोतदुग्ध म्हणतात. ते सुरू करणारे संप्रेरक प्रोलॅक्टिनच, जे सस्तन प्राण्यांत दूध आणते. कपोतदुग्धात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर, पिष्ट जवळजवळ नाही. पहिले तीन-चार दिवस पिल्लू फक्त यावर जगते आणि तेवढ्यात त्याचे वजन दुपटीच्या पुढे जाते. नंतर त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास आहार बहुतांशी दाण्यांचाच होतो. घरट्यात साधारणपणे दोन अंडी असतात. ती उबायला सतरा-अठरा दिवस लागतात. सकाळच्या मध्यापासून दुपार उतरेपर्यंत नर बसतो, उरलेला वेळ मादी. पहिली पिल्ले घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालते, म्हणून एका जोडीचे वर्षातून पाच-सहा हंगाम होऊ शकतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती भावनेच्या भरात विसरली जाते. पारवा दुर्मीळ नाही. त्याचे पिल्लू वाचवणे म्हणजे निसर्गसंवर्धन नव्हे. ती एका जिवाची केलेली सोय आहे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. मात्र हेच हात होल्याच्या किंवा हरियालाच्या पिल्लाला लागतात तेव्हा बाब बदलते.

मावळात पारव्याच्या कुळातले इतरही पक्षी राहतात. कुंडीत, जास्वंदीच्या झुडपात, बाल्कनीच्या वेलीवर चार काटक्यांचे घरटे असेल तर ते बहुधा होल्याचे. होल्याची पिल्ले लहान असतात, त्यांची चोच बारीक असते आणि कोवळ्या पिसांना फिकट तपकिरी किनार असते. मुख्य फरक वेळेचा आहे. होल्याचे पिल्लू दोन आठवड्यांच्या आसपासच घरटे सोडते, त्या वेळी त्याची शेपूट आखूड आणि उड्डाण कच्चे असते. जमिनीवर बसलेले असे पिल्लू हरवलेले नसते, त्याचे आईबाप जवळच असतात. उचलून घरी नेले तर ते खऱ्या अर्थाने पोरके होते. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो वड-पिंपळ-उंबराची फळे खातो आणि त्याची हिरवट-पिवळी झाक पिल्लाच्या पिसांतही लवकर दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ चौथ्या अनुसूचीत या कुळातल्या पक्ष्यांना संरक्षण देताना नील पारवा, म्हणजे हाच आपला पारवा, तेवढा वगळला होता. अनुसूच्यांची मांडणी २०२२ च्या दुरुस्तीने बदलली, पण होला आणि हरियाल घरी पाळता येत नाहीत हे कायम आहे. अशा पिल्लाविषयी वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. मावळ तालुक्यात वन्यजीव रक्षक मावळ ही संस्था हे काम करते आणि पुण्यात बावधनला रेस्क्यू संस्थेचे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे.

पिल्लू पारव्याचेच आहे अशी खात्री झाली, की पहिला प्रयत्न ते परत घरट्यात ठेवण्याचा असावा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खोटी आहे. घरटे मोडले असेल तर त्याच जागेजवळ, पाऊस आणि मांजर पोचणार नाही अशा आडोशाला, भोके पाडलेल्या टोपलीत काड्या घालून पिल्लू ठेवावे आणि दुरून दोन-तीन तास लक्ष ठेवावे. पारव्याचे आईबाप दिवसभर घरट्यावर येत नाहीत. पिल्लू आठवड्याचे झाले की ते मुख्यतः भरवण्यापुरतेच येतात, म्हणून अर्ध्या तासात कोणी दिसले नाही याचा अर्थ घरटे सोडून दिले असा होत नाही. पिल्लू जखमी असेल, अंगावर माश्यांनी अंडी घातली असतील, मांजराने तोंडात धरले असेल किंवा आईबाप मेले असतील, तरच ते घरात आणावे. मांजराचा दात लागलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे लागते, कारण त्या जखमेतला जंतुसंसर्ग पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारतो.

घरात आणल्यावर लोक आधी खायला शोधतात. आधी ऊब हवी. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न पचत नाही, तिथेच आंबते. उघड्या अंगाच्या पिल्लाला सुमारे ३२ ते ३५ अंश तापमान लागते. खोक्याच्या एका बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली किंवा वरून टांगलेला दिवा पुरतो. दुसरी बाजू गार असावी, म्हणजे पिल्लाला सरकता येते. पिसांच्या नळ्या फुटू लागल्या की ही ऊब हळूहळू कमी करतात. खोक्यात तळाला वर्तमानपत्र घालण्याची सवय पिल्लाच्या पायांच्या मुळावर येते. गुळगुळीत कागदावर पाय दोन्हीकडे फाकतात आणि वाढत्या हाडांना तोच आकार येतो. खरखरीत कापड, तरटाचा तुकडा किंवा बारीक काड्या घातलेले पसरट मातीचे भांडे यांपैकी काहीही चालेल.

भरवण्याच्या बाबतीत पारवा इतर पक्ष्यांपेक्षा अगदी उलट वागतो. बुलबुल आणि साळुंकीची पिल्ले आ वासतात व आईबाप वरून घास टाकतात. पारव्याचे पिल्लू स्वतःची चोच आईबापाच्या तोंडात खुपसते आणि आतून ओढून घेते. म्हणून समोर घास धरून ते तोंड उघडण्याची वाट पाहणाऱ्याला वाटते की पिल्लू खायलाच तयार नाही. टोक कापलेल्या सिरिंजवर छिद्र पाडलेला पातळ रबर किंवा ताणपट्टी लावली आणि त्यातून चोच आत जाऊ दिली, की त्याची उपजत सवय काम करते. पहिल्या आठवड्यात पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी तयार पूड कोमट पाण्यात, सुरुवातीला पातळ आणि मग घट्ट कालवून दर दोन-तीन तासांनी द्यावी. गाईचे दूध देऊ नये, कारण त्यातली शर्करा पचवण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नसते. दुधात भिजवलेला पाव म्हणजे पिल्लाला मारण्याचा घरोघरचा उपाय आहे. दहा दिवसांच्या पुढे मात्र काम सोपे होते. कोमट केलेले सोललेले हिरवे वाटाणे, भिजवलेली मटकी किंवा मक्याचे दाणे एकेक करून चोचीच्या कडेने, जिभेच्या मागे ठेवता येतात. भरलेले अन्नपुट हाताला पाण्याच्या फुग्यासारखे मऊ लागावे. ते टणक होईपर्यंत भरवले तर अन्न उलटून श्वासनळीत जाते. पुढच्या खेपेआधी ते बरेचसे रिकामे झालेले हवे, आणि रात्रीचे अन्न सकाळीही तसेच असेल किंवा तोंडाला आंबूस वास येत असेल तर भरवणे थांबवून पशुवैद्याला दाखवावे. पाणी पाजताना चोचीत थेंब सोडू नयेत. पारवा चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता, ओढून पितो. चोचीचे टोक उथळ वाटीत एक-दोनदा टेकवले की पिल्लू ते शिकते.

तीन-साडेतीन आठवड्यांचे पिल्लू दाणे टोचू लागते. ज्वारी, बाजरी, गहू, मका, मूग, मटकी यांचे मिश्रण पसरून ठेवावे, सोबत बारीक वाळू-खडी आणि शिंपल्यांचा चुरा. रोज थोडे ऊनही लागते, त्याशिवाय हाडे धरत नाहीत. एकच पिल्लू असेल तर ते माणसाला चिकटते आणि पुढे त्याला थव्यात मिसळणे जड जाते. दोन पिल्ले एकत्र वाढवलेली बरी.

आजारांपैकी नेहमी भेटतो तो तोंडातला पिवळसर, चिकट थर. ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो आणि पिल्लाला बहुधा आईबापाच्या कपोतदुग्धातूनच मिळतो. हाच परजीवी कड्यांवरच्या शाहीन ससाण्यालाही आजारी पाडतो, कारण पारवे हे त्याचे भक्ष्य आहेत. चोचीभोवती आणि डोळ्यांजवळ फोड आले तर ते देवीचे, मान पिळवटली तर पॅरामिक्सो विषाणूचे लक्षण समजावे. पिसांत तुरुतुरु पळणारी चपटी माशी पारव्यातला हिवताप पसरवते, म्हणून नव्या पिल्लाच्या अंगावरून ती वेचून काढावी. पायाच्या बोटांना गुंडाळलेले केस आणि दोरेही तपासावेत. पॅरिसमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात केशकर्तनालये जास्त असलेल्या भागांत बोटे तुटलेले पारवे जास्त आढळले होते. संक्रांतीच्या दिवसांत यात मांजाची भर पडते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण जखमी पक्षी अजूनही येतातच.

माणसाच्या बाजूनेही सावधगिरी लागते. पारव्याच्या पिसांतून सतत बारीक पूड झडते आणि सुकलेल्या विष्ठेचे कण हवेत मिसळतात. वर्षानुवर्षे ते श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून रस्त्यावर आंदोलने झाली. एका खोक्यातल्या एका पिल्लाने असा धोका होत नाही. तरी सफाई ओल्या फडक्याने, तोंडाला मास्क लावून करावी आणि दमेकऱ्याच्या खोलीत पिल्लू ठेवू नये.

पिल्लाचा रंग हा केवळ हौसेचा विषय नाही. तो त्याच्या घराण्याची माहिती देतो आणि ती माहिती अंड्यातून बाहेर पडल्या क्षणापासून मिळू लागते. रानातला मूळ पारवा निळसर राखी असतो, त्याच्या पंखांवर दोन काळे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला गडद पट्टी असते. भारतातल्या उपजातीत पाठीचा खालचा भागही राखीच राहतो, तर युरोपातल्या पारव्याचा तो पांढरा असतो. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पाठीवर हा पांढरा डाग असलेले पारवे बहिरी ससाण्याच्या तावडीत फार कमी सापडतात. झेपेच्या वेळी त्या डागाने ससाणा चकतो, असा संशोधकांचा अंदाज आहे.

या राखी रंगापलीकडे गावातल्या थव्यात जे काही दिसते ते बहुतेक माणसाने जपलेले आहे. आईन-ए-अकबरीत अबुल फजलने अकबराच्या पदरी वीस हजारांवर कबुतरे असल्याचे आणि त्यातली पाचशे खासगीतली असल्याचे नोंदले आहे. लक्का, लोटन, गिरेबाज, शिराजी ही जातींची नावे त्याच परंपरेतून मराठी ढाबळींत, म्हणजे पाळीव कबुतरांच्या खुराड्यांत, आली. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात अकबराच्या कबुतरांचा उल्लेख केला आणि भारतातून वॉल्टर एलियट यांनी पाठवलेल्या कातड्यांबद्दल आभार मानले. काळ्या आणि पांढऱ्या जातींचे संकर करताना त्याला नातवंडांच्या पिढीत पुन्हा दोन पट्ट्यांचे निळे-राखी पक्षी मिळाले. सगळ्या जातींचा पूर्वज एकच, या त्याच्या म्हणण्याला तो मोठा आधार होता.

आज या रंगांमागची जनुके बरीचशी माहीत आहेत. त्यातले मोठे काम अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मायकेल शपिरो यांच्या गटाने केले. मूळ रंग तीन : राखट तांबडा, निळा आणि तपकिरी. तिघेही एकाच जनुकाची रूपे आहेत. तांबडा निळ्यावर आणि निळा तपकिरीवर मात करतो. हे जनुक लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराकडे अशी दोन गुणसूत्रे आणि मादीकडे एक असल्यामुळे रंगाचा वारसा मुलगा आणि मुलगी यांना वेगवेगळा पोचतो. निळा नर आणि तांबडी मादी यांच्या जोडीला होणारे सगळे नर तांबडे आणि सगळ्या माद्या निळ्या निघतात. रंग फिका करणारे दुसरे एक जनुकही याच गुणसूत्रावर असते, आणि त्याची खूण सर्वांत आधी कळते. फिक्या रंगाचे पिल्लू अंड्यातून निघतानाच जवळजवळ उघडे असते, त्याची लव अगदी आखूड असते. फिका नर आणि गडद मादी अशी जोडी लावणाऱ्याला त्यामुळे पिल्लू जन्मल्या दिवशीच त्याचे लिंग कळते : आखूड लवेची ती मादी. सापडलेले पिल्लू असे उघडे दिसले तर ते अपुऱ्या दिवसांचे किंवा रोगट मानण्याचे कारण नाही. त्याच्या घराण्यात कुठेतरी ढाबळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पंखावरची नक्षी ठरवणारे जनुक वेगळे. पट्टे, ठिपक्यांची जाळी, दाट ठिपक्यांमुळे जवळजवळ काळा दिसणारा पंख आणि अजिबात पट्टा नसलेला पंख ही त्याची चार रूपे. ठिपकेदार रूपे पाळीव पारव्यात आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका जातीच्या कबुतराशी झालेल्या संकरातून आली, असे २०१८ मध्ये याच गटाने दाखवले. बिनपट्ट्याच्या पक्ष्यांची दृष्टी अधू असू शकते, कारण तेच जनुक डोळ्याच्या घडणीतही भाग घेते. रंग सबंध पिसावर सारखा पसरवणाऱ्या जनुकामुळे निळा पक्षी पूर्ण काळा होतो. गर्द विटकरी लाल हा आणखी वेगळा. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो उमटतो आणि मग बाकीचे रंग झाकून टाकतो. मानेची हिरवी-जांभळी चमक मात्र कोणत्याच रंगद्रव्याची नव्हे. पिसाच्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होताना ती तयार होते, आणि पिल्लाच्या पहिल्या पिसांत ती जवळपास नसते. पिल्लू मळकट दिसते, त्याच्या नाकावरची गाठ पांढरी नसून गुलाबी-करडी असते आणि डोळे नारिंगी नसून गडद तपकिरी असतात. दीड-दोन महिन्यांनी पिसे झडायला लागली की खरा रंग दिसू लागतो. वाढीच्या दिवसांत उपासमार झाली असेल तर प्रत्येक पिसावर आडवी कच्ची रेघ उमटते आणि ती पुढच्या पिसझडीपर्यंत जात नाही, म्हणून सापडलेल्या पिल्लाला कधी खायला मिळाले नव्हते हे पंख उलगडून पाहिले की वाचता येते.

पांढऱ्या पारव्याबाबत गैरसमज जास्त आहेत. बहुतेक पांढरे पारवे वर्णहीन नसतात, त्यांचे डोळे काळेभोर असतात. रंगद्रव्य नसल्यामुळे त्यांची पिसे लवकर झिजतात आणि शिकाऱ्याला ते दुरूनच दिसतात. लग्नाकार्यात आणि उद्घाटनांत ‘शांतीचे प्रतीक’ म्हणून सोडलेले पांढरे पक्षी ढाबळीत जन्मलेले असतात. त्यांना दाणा शोधता येत नाही, ससाणा ओळखता येत नाही, आणि लोणावळ्याच्या पावसात ते फार दिवस टिकत नाहीत. असा सोहळा टाळणे हेच या पक्ष्यांसाठी करता येण्याजोगे सर्वांत सोपे काम आहे.

म्हणून मोठे झालेले पिल्लू सोडण्याआधी त्याच्या पंखाकडे पाहावे. निळे-राखी, पट्ट्याचे किंवा ठिपक्यांचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे झाले, स्वतः दाणे टिपू लागले आणि खोलीत उंच बसू लागले की त्याला त्याच परिसरातल्या थव्याजवळ, आठवडाभर उघड्या पिंजऱ्यातून ये-जा करू देत, पाऊस उघडलेला असताना सकाळी सोडावे. पांढरे, पिसारेदार शेपटीचे, पायांवर पिसे असलेले किंवा कोलांट्या मारणारे पिल्लू सोडू नये. ते जाणत्या पाळणाऱ्याच्या ढाबळीत द्यावे. आणि बंद बंगल्याची गॅलरी झाडण्याआधी एसीमागे एकदा डोकावून बघावे. अंडी असतील तर पिल्ले उडून जायला साधारण पन्नास दिवस लागतात. घरटे रिकामे झाल्याबरोबर, पुढची अंडी पडायच्या आत, तिथे जाळी लावावी.